राक्षस मेला, पण पाणी कुठे उतरलं?

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत नेरूळमधल्या आमच्या इमारतीतल्या मुलांना रोज संध्याकाळी गोष्ट सांगायची असं ठरलं. क्लबहाउसची किल्ली काही मिळाली नाही, म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यामधल्या जिन्यात बैठक मारली. एका गावात सारखं पाणी भरतं, कारण एक राक्षस खाडीला फुंकर मारतो. एक शूर मुलगा त्याला मारतो. गाव सुखी होतं. अशी काहीतरी गोष्ट मी ठोकून दिली. टाळ्या पडल्या. मग दुसरीतल्या एका मुलीने विचारलं, "राक्षस मेला, पण पाणी कुठे उतरलं?"

मला उत्तर सुचलं नाही. ती तळमजल्यावर राहते. पावसाची मोठी सर आणि भरती एकदम आली की तिच्या दारातल्या चपला तरंगायला लागतात. त्या राक्षसाने तरंगवलेल्या नसतात हे तिला पक्कं ठाऊक आहे.

संकटात सापडलेलं गाव, त्यात एक जादू, आणि माणसांच्या चांगुलपणाने गाव सावरतं, अशी अद्भुतकथा मुलांना फार आवडते. ती सांगायला सोपी वाटते, म्हणून आपण ती फसवूनही टाकतो. त्या प्रश्नानंतर आम्ही पाच संध्याकाळी खर्चून गोष्ट पुन्हा रचली. त्यातून जे हाती लागलं, ते आईबाबांसाठी, शिक्षकांसाठी आणि सुट्टीत मुलांच्या तावडीत सापडणाऱ्या आजी-आजोबांसाठी इथे देत आहे.

आधी दुखणं शोधा

"एका गावातली माणसं फार वाईट झाली होती" इथून सुरुवात करू नका. वाईटपणा मुलांना दिसत नाही. बंद पडलेली लिफ्ट दिसते, आटलेलं तळं दिसतं. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवरून दिसेल असं एकच दुखणं निवडा आणि ते खरं कसं घडतं हे आधी स्वतः समजून घ्या.

नवी मुंबईत अशी दुखणी शोधायला लांब जावं लागत नाही. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, दहा गावं उठून दुसरीकडे गेली. टेकडी रात्री आपलं शिखर शोधत फिरते, एवढ्या एका कल्पनेवर गोष्ट उभी राहील. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी येण्याची वाट अडली, तळं आटलं, आणि तिथे उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांपैकी काही मेलेले सापडले. पक्ष्यांना हाक मारायला विसरलेलं तळं ही दुसरी गोष्ट.

आम्ही पाणी निवडलं. पहिल्या संध्याकाळी गोष्ट सांगितलीच नाही. मुलांना घेऊन धारण तलाव बघायला गेलो. त्याला इथे सगळे होल्डिंग पाँड म्हणतात. ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’मध्ये आपण ज्या पाण्याभोवती फेऱ्या मारतो, तेही मुळात असंच तळं आहे. हे शहर खाजणांवर, मिठागरांवर आणि भातशेतांवर भराव घालून वसवलं. त्याचे कितीतरी भाग उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. म्हणून शहर उभारणाऱ्या सिडकोने हॉलंडच्या धर्तीवर ही तळी बांधली. भरती आली की खाडीकडच्या झडपा मिटतात आणि खारं पाणी बाहेरच थांबतं. तेवढ्या वेळात पडलेला पाऊस तळ्यात साठतो. ओहोटीला झडपा उघडतात आणि साठलेलं पाणी खाडीत जातं. "म्हणजे शहर श्वास घेतं," एक मुलगा म्हणाला. ही उपमा माझी असती तर मी जरा मिरवली असती.

आता यातली खरी गंमत बघा. या तळ्यांमध्ये वर्षानुवर्षं गाळ साचला आणि गाळात तिवरं उगवली. तिवरं तर हवीत. ती किनारा राखतात, मासोळीला आसरा देतात, कायद्याने त्यांना संरक्षण आहे. पण तळ्यात ती माजली की पाणी साठायला जागा उरत नाही आणि गाळ काढायचं काम परवानग्यांमध्ये अडकतं. मग राक्षस कोण? तिवरं नाहीत, भरती नाही, पाऊसही नाही. खऱ्या गावाच्या दुखण्याला बहुतेक वेळा राक्षस नसतोच. मुलांना हे पचतं, आपल्याला पचायला वेळ लागतो.

जादू एकच, आणि तिला घड्याळ

दुसरी नेहमीची चूक म्हणजे जादूची खिरापत. उडता गालिचा, बोलणारा पोपट आणि इच्छा पुरवणारी अंगठी एकाच गोष्टीत आली की मुलं काळजी करायचं सोडून देतात. काहीही बिघडलं तरी अंगठी आहेच. म्हणून जादूचा एकच नियम ठरवा. तो कधी लागू होतो, कुणाला लागू होतो आणि त्याची किंमत काय, या तीन प्रश्नांची उत्तरं मुलांकडून वदवून घ्या. नियम गावाच्या दुखण्याला चिकटलेला असला की गोष्ट आपोआप पुढे सरकते.

आमच्या जिन्यात ठरलेला नियम असा: भरती आली की गावातल्या माणसांना दुसऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही, फक्त स्वतःचं येतं. ओहोटीला पुन्हा सगळं ऐकू येतं.

या नियमाला निसर्गाने घड्याळ दिलेलं आहे. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून दर दिवशीची भरती आदल्या दिवशीपेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. सोमवारी सकाळी दहाला बहिरं झालेलं गाव गुरुवारी साडेबाराला बहिरं होईल. मुलांनी जिन्यातल्या भिंतीला कागद चिकटवून आठवडाभराचं वेळापत्रकच मांडलं. त्यात गणिताचा तास भरतीत कोणत्या दिवशी येतो याचा शोध सर्वांत आधी लागला.

गाव सात घरांचं पुरे

गोष्टीतलं गाव केवढं असावं? मोठ्या गावात सगळेच ‘गावकरी’ होतात आणि गावकऱ्यांना तोंड नसतं. बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात आर्टिस्ट्स व्हिलेज ही वसाहत बांधली. तिची मांडणी मला इथे उपयोगी पडली. सात घरं एका लहान अंगणाभोवती, अंगण जेमतेम आठ मीटर लांब-रुंद. असे तीन पुंजके मिळून त्याहून मोठं अंगण. सात घरांत प्रत्येकाचा चेहरा ओळखीचा राहतो आणि भांडणाचा आवाज सगळ्यांपर्यंत पोचतो. गोष्टीला हेच माप हवं.

आमच्या गोष्टीतली सात घरं मुलांनीच भरली. तुर्भ्याच्या मसाला बाजारातले माथाडी काका. ते घरात शिरले की घरभर शिंका. रात्रपाळी करून दिवसा झोपणारी केरळची नर्स. जिच्या भातशेतावर हे सगळं उभं आहे ती आगरी आजी. एका भिंतीच्या दोन बाजूंना राहणारे, एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ. त्यांची दोन घरं. इस्त्रीवाला. वॉचमन काका, ज्यांचं नाव गावात कुणालाच माहीत नाही. ही घरं झाली किती, यावर वाद झाला. वॉचमन काकांना घरच नाही, केबिन आहे, हे एका मुलीने निदर्शनास आणलं. तेव्हा केबिन वेगळी धरली आणि वस्तीची घरं झाली सहा. सातवं घर कुलूपबंद.

प्रत्येक पात्राला दोन गोष्टी द्यायच्या: एक जी त्याच्याकडे आहे आणि एक जी नाही. नर्सकडे कंदील आहे, झोप नाही. आजीकडे जुन्या बांधाची माहिती आहे, ऐकणारं कुणी नाही. एवढं केलं की देवाणघेवाण आपोआप सुरू होते. लेखकाने ‘एकमेकांना मदत करा’ म्हणायची गरज उरत नाही.

खापर कुणावर फुटतं?

संकटातलं गाव आधी काय करतं? कारण शोधायच्या आधी गुन्हेगार शोधतं. चांगुलपणाची गोष्ट इथूनच रंगते. अमेरिकी लेखिका केली बार्नहिल यांच्या ‘द ओग्रेस अँड द ऑर्फन्स’ या २०२२ च्या कादंबरीत असंच एक गाव आहे. ग्रंथालय जळालेलं, झाडं गेलेली, दारं बंद. गावाबाहेर राहणारी एक राक्षसीण रात्री गुपचूप लोकांच्या दारात भाजी आणि खाऊ ठेवून जाते, आणि एक मूल हरवतं तेव्हा संशय तिच्यावरच येतो.

आमच्याकडे संशय आला चिंबोरीवर. कुलूपबंद घरात एक म्हातारी चिंबोरी राहते, रात्री बांधाला भोकं पाडते, आणि म्हणूनच गावात पाणी येतं असं सगळ्यांचं म्हणणं. बांध फुटला की खेकड्याकडे बोट दाखवणं मोठ्यांनाही छान जमतं, त्यामुळे हे पात्र कुणाला परकं वाटलं नाही.

चिंबोरीला आम्ही नुसती निष्पाप ठेवली नाही. ती खरंच भोकं पाडत होती, कारण बांधाची उघाडी गाळाने घट्ट मिटली होती. उघाडी म्हणजे खाडीकाठच्या शेतकऱ्यांची जुनी झडप. धारण तलावाच्या झडपेची आजीच म्हणा. आत कोंडलेलं पाणी ओहोटीला बाहेर जावं म्हणून चिंबोरी भोकं पाडायची. पण त्याच भोकांतून भरतीचं खारं पाणी आत यायचं. तिचा हेतू चांगला आणि परिणाम अर्धा वाईट. "मग तिला शिक्षा करायची की थँक यू म्हणायचं?" यावर जिन्यात वीस मिनिटं भांडण झालं. ते चालू दिलं, कारण गोष्टीचं खरं काम तिथेच होत होतं.

इथे एक पथ्य पाळा. ज्याच्यावर खापर फुटतं त्याला किंवा खलपात्राला काळा रंग, कुबड, तोतरेपणा, वेगळी भाषा किंवा गरिबी चिकटवू नका. ऐकणाऱ्यांत तसं मूल असतंच. भीती घालायचीच असेल तर ती हसण्यासकट घाला. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातली चिंची चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी आणि अलीकडे वैभव मांगले यांनी रंगवली. मुलं तिला घाबरतात, हसतात आणि घरी येऊन तिचीच नक्कल करतात.

‘प्रेमळ’ हा शब्द आठवडाभर बंद

गोष्ट सांगताना ‘दयाळू’, ‘प्रेमळ’, ‘मनमिळाऊ’ हे शब्द वापरायचे नाहीत असा नियम मी स्वतःला घालून घेतला. हे दोन नमुने बघा.

पहिला: "नर्सताई फार प्रेमळ होत्या. त्यांनी सगळ्यांना मदत केली."

दुसरा: "नर्सताई सकाळी सातला घरी आल्या. चपला काढल्या, डोळ्यांवर पाणी मारलं, गादीकडे एकदा बघितलं. मग पुन्हा चपला घातल्या."

दुसऱ्या नमुन्यात मदतीचा उल्लेखही नाही, तरी मुलांना सगळं कळलं. कारण गादीकडे बघणं ही त्या मदतीची किंमत आहे. चांगुलपणाला काहीतरी द्यावं लागतं, आणि काय द्यावं लागलं ते दाखवलं की पुरे.

त्याचं सामुदायिक रूप दाखवायला आपल्या मातीतलाच दाखला आहे. रायगडच्या खारेपाटात भातशेती समुद्राच्या पाण्यापासून वाचवायला मातीचे बांध असतात. बांधाला भगदाड पडलं की ‘खांड गेली’ म्हणतात. खारं पाणी एकदा आत शिरलं की पुढची काही वर्षं ती जमीन धड पिकत नाही. आणि पाणी सातबारा बघून शिरत नाही. खांड एकाच्या बांधाला जाते, शेत सगळ्यांचं बुडतं. म्हणून बांधाची राखण सगळ्यांनी मिळून करायची पद्धत होती, तिला जोळ म्हणत. तिथे शेजारधर्म ही मनाची सोय नव्हती, पोटाचा प्रश्न होता.

आमच्या गोष्टीत आजी जोळ बोलावते. उघाडीतला गाळ काढायला हातात एक ओहोटी आहे, म्हणजे सहा तास. त्यानंतर कुणाला कुणाचं ऐकू येणार नाही. उघाडी नेमकी कुठे अडली हे फक्त चिंबोरीला माहीत, म्हणून आधी तिची माफी मागावी लागते. माथाडी काकांचा दिवसाचा रोज बुडतो. घमेली हातोहात देण्यासाठी रांग लागते आणि रांगेत न बोलणारे दोघे भाऊ शेजारी येतात. काही बोलत नाहीत, पण घमेलं तर द्यावंच लागतं. झडपेची फळी कुजलेली निघते, तेव्हा आजी आपल्या बाजेची फळी देते.

चांगुलपणा म्हणजे गप्प बसणं नाही

मुलांच्या गोष्टींत चांगलं पात्र बहुतेक वेळा सोसणारं असतं. हे मला खटकतं, आणि या शहरात तर ते खोटंही ठरेल. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ९५ गावांची जमीन घेण्याचं ठरलं. त्या गावांतले आगरी-कोळी आणि इतर भूमिपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली योग्य मोबदल्यासाठी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा मूळ मालकांना परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. एकजुटीने हक्क मागणं हाही शेजारधर्माचाच भाग आहे.

सात वर्षांच्या मुलाला गोळीबार सांगायचा नसतो, पण त्याची सावली गोष्टीत येऊ शकते. आमची आजी फळी देते आणि मग विचारते, "झडप माझ्या फळीची, जमीन माझ्या शेताची. मग गावाच्या पाटीवर माझ्या शेताचं नाव का नाही?" गावाला लगेच उत्तर देता येत नाही. तो प्रश्न तसाच राहू दिला. दहा-बारा वर्षांच्या मुलांना मात्र त्यामागची हकीकत सांगा. सेक्टरच्या आकड्यांखाली करावे, दारावे, शिरवणे, सारसोळे अशी नांदती गावं आहेत हे त्यांना कळू दे.

शेवटी सगळं ठीक करू नका

उघाडी उघडली, पाणी उतरलं, हे झालंच पाहिजे. मुलांना तेवढा न्याय हवा. पण जादूचा शाप पूर्ण उतरवू नका. आमच्या गावात पुढची भरती आलीच आणि माणसं पुन्हा बहिरी झाली. मग मुलांनी उपाय काढला: सातही दारांना एक दोरी बांधायची, आणि ऐकू येत नसलं तरी ज्याला गरज असेल त्याने ती ओढायची. दोन भाऊ बोलायला लागले का? "अजून नाही, पण त्यांची दोरी एकच आहे," असं ठरलं.

पाच संध्याकाळींचं वेळापत्रक

पहिल्या दिवशी फक्त बघणं: पाणी, तळं, टेकडी, जे दुखणं असेल ते, शक्यतो भरतीला आणि ओहोटीला दोनदा. दुसऱ्या दिवशी खडूने जमिनीवर गावाचा नकाशा आणि सात घरं. तिसऱ्या दिवशी जादूचा नियम आणि खापर कुणावर फुटतं ते. चौथ्या दिवशी संकट: घड्याळ लावून, घाईत. पाचव्या दिवशी सगळी गोष्ट सलग, मोठ्यांना बोलावून, मुलांच्या तोंडून.

वयाचं भान ठेवा. चार ते सहा वर्षांच्या मुलांना तीन घरं आणि दहा मिनिटं पुरतात. एखादं पालुपद मात्र हवं, जे ती तुमच्या आधी म्हणतील. सात ते नऊ वयाला सात घरं आणि वीस मिनिटं झेपतात. त्याहून मोठ्यांना गोष्ट सांगू नका, नियमातली फट शोधायला सांगा आणि लिहू द्या.

भाषेचं सोवळं नको. इथल्या जिन्यात मराठी, हिंदी, मल्याळम आणि इंग्रजी एकत्रच बसलेली असतात. पात्रांना आपापल्या भाषेत बोलू द्या. इमारतीत एखादी आगरी किंवा कोळी आजी असेल तर गोष्टीतल्या आजीचे संवाद तिच्याकडूनच म्हणवून घ्या.

कल्पना सुचेनाशी झाली तर बालभारतीचं ‘किशोर’ आहे. १९७१ पासूनचे त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वरही मराठी चित्रकथा मोफत आहेत.

आणि गोष्ट संपल्यावर "तात्पर्य काय?" असं विचारू नका. त्याऐवजी "यात काय पटलं नाही?" असं विचारा. आमची पहिली गोष्ट अशाच एका प्रश्नाने मोडली होती.

जुलैत एका दुपारी धो धो पाऊस लागला. जिन्यातल्या कागदावरच्या हिशेबाने भरती तीन वाजता. अडीचच्या सुमारास वरच्या मजल्यावरचे दोघे खाली उतरले आणि तळमजल्यावरच्या सगळ्या दारांतल्या चपला उचलून पहिल्या मजल्याच्या कठड्यावर रचून आले. कुणी सांगितलं नव्हतं. पाणी त्या दिवशी आलंच नाही. जोड्या मात्र अशा मिसळल्या होत्या की संध्याकाळभर सगळी इमारत जिन्यात उभी राहून एकमेकांच्या चपला ओळखत होती. वॉचमन काकांचं नाव मला त्याच गर्दीत कळलं.